तीनदा विसळून चौथ्यांदा

९ जाने., शुक्र.

ऑर्डर निघाली. तेलकट पाण्याच्या नियमावलीचा मसुदा कौस्तुभने लिहायचा. मी नाही. कौस्तुभ. सांगलीहून इथे बनारसला येऊन त्याला चौदा महिने झालेत. मी या सांडपाण्याच्या लॅबमध्ये बावीस वर्षं बाटल्या धुतेय.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून पेढा दिला वर. म्हणाले, "शैला जी, आप तो अनुभवी हैं, बच्चे को ज़रा गाइड कर दीजिएगा." बच्चा एकतीस वर्षांचा आहे. पेढा पर्समध्ये टाकला, घरी येऊन पाहिला तर रुमालाला चिकटून बसलेला.

निळी वही माझी आहे. दोन वर्षांपूर्वी सीवरमध्ये उतरलेला माणूस पेट्रोलच्या वाफेने बेशुद्ध पडला, त्याला दोरीने ओढून काढलं, त्या दिवसापासून लिहितेय. कोणता पंप टाकी धुतलेलं पाणी मॅनहोलमध्ये सोडतो, कोणतं गॅरेज काय ओततं, कोणाला समजावलं तर ऐकेल, कोणापुढे डोकं फोडून उपयोग नाही. सगळी वही चहा पिता पिता तोंडी सांगून बसले त्याला. मीच शहाणी. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

घरी ह्यांना सांगितलं. मला वाटलं दोन शब्द बोलतील. हे म्हणाले, "अरे वा, आपल्या कौस्तुभला मिळालं? छान झालं."

आपल्या कौस्तुभला.

१४ जाने., बुध.

संक्रांत. साऱ्या गावात खिचडी, आपल्या घरी तिळगूळ आणि गुळाच्या पोळ्या. कौ. आला होता, ह्यांनीच बोलावला. एकटा राहतो, आपल्या दूधविनायक मोहल्ल्यातच खोली घेतलीय, आपलं घर दोन गल्ल्यांवर. त्यामुळे येता-जाता आहेच.

हे बँकेतून आल्यावर एरवी टीव्हीपुढे बसतात ते थेट जेवायलाच उठतात. आज कौ.बरोबर तास-दीड तास गप्पा. हसणं काय, टाळ्या काय.

आणि मुक्ता. पोटची पोर, बावीस वर्षांची. शाळेत गेल्यापासून मी मराठीत विचारते आणि ती हिंदीत उत्तर देते. सोडून दिलं मी बोलायचं. तर आज आतून ऐकते, "कौस्तुभदादा, अजून एक पोळी देऊ? तूप हवंय?" स्वच्छ मराठी. येतं म्हणजे तिला! तव्यावरची पोळी करपली माझी.

निघताना कौ. म्हणाला, "शैलाताई, तुमचं मराठी किती छान वाटतं ऐकायला. जुन्या वळणाचं." मी काय माळ्यावरची पितळी कळशी आहे?

तिळगूळ दिला. गोड बोलायचं जमलं नाही.

१८ जाने., रवि.

कौ.च्या आईला सांगलीत गंगेचं पाणी हवंय. ह्यांनी परस्पर कबूल केलं की शैला भरून देईल, तिला तिच्या वडिलांची पद्धत माहितेय. म्हणजे रविवारची सुट्टीही त्याच्याच पायी.

संकठा घाटावर गेलो. थंडी, धुकं, पायऱ्या ओल्या. तांब्याची गंगाजळी होती. शिंदे घाटावर बाबा यजमानांना भरून द्यायचे तशीच भरली, त्याच पाण्याने तीनदा विसळून चौथ्यांदा. बाबा म्हणायचे, भांड्याला आधी पाण्याची ओळख करून द्यावी. कौ. बाजूला उभा राहून गालातल्या गालात हसत होता. काय झालं हसायला, विचारलं. "काही नाही ताई. एक आठवलं."

मला नाही आवडत असं हसलेलं.

२७ जाने., मंगळ.

नियमावलीच्या आधी सहा ठिकाणचं पाणी तपासायचं ठरलं. दोन पंप, चार गॅरेजं. नमुने कौ. आणणार, टेस्ट मी करणार. तो उन्हात चार माणसांत हिंडणार, त्याचे फोटो निघणार. मी खिडकी उघडी टाकून सॉल्व्हंटचा वास घेत बसणार.

सहांत लल्लनचं गॅरेज आहे. तेवढी एक गोष्ट बरी. साहेबांना दिसेल तरी माझं काम.

२ फेब्रु., सोम.

लल्लनच्या पाण्यात तेलाचा आकडा एकतीस आला. मर्यादा वीस.

तीनदा हिशेब तपासला. टेस्ट परत करता येत नाही, तेलाच्या टेस्टला बाटली अख्खी लागते, काही उरत नाही.

कसं शक्य आहे? लल्लन जीप आणि टेंपो धुतो. अख्ख्या बनारसमध्ये माझं ऐकणारा एवढा एकच माणूस. दीड वर्ष त्याच्या मागे लागले होते. पाणी थेट सीवरला सोडायचं नाही, आधी तीन कप्प्यांचं टाकं बांधायचं. पहिल्या कप्प्यात गाळ बसतो, तेल वर तरंगतं, पुढे जातं ते खालचं पाणी. बिचाऱ्याने बांधलं. दर शनिवारी तेल काढून झाकणाच्या ड्रममध्ये भरून ठेवतो. मी दहा जणांना सांगते, जा, लल्लनचं बघून या. आता कोणत्या तोंडाने सांगू?

बाकी पाचही शंभराच्या वर आहेत, पण ते असणारच होते.

साहेबांनी सहाही जणांना नोटिसा काढल्या. २४ तारखेला सुनावणी. समाधान झालं नाही तर सीवरचं कनेक्शन तोडणार. धुण्याचं दुकान आणि पाणी सोडायला जागा नाही, म्हणजे दुकान बंदच.

कौ. म्हणाला, "वाईट वाटतं ताई, लल्लनचाचा चांगला माणूस वाटला." लगेच चाचा झाला त्याचा.

५ फेब्रु., गुरु.

लल्लन लॅबमध्ये आला. स्टुलावर बसला, नोटीस घडी घालून खिशात, दर दोन मिनिटांनी चाचपून बघत होता. साबण लावता का, विचारलं. कारण साबणाने तेलाचं पाणी दुधासारखं होतं आणि टाक्यातून सरळ निसटतं. नाही म्हणाला, तुम्ही नको म्हटल्यापासून एक पुडी आणलेली नाही. दुकानात सात माणसं आहेत, त्यांना काय सांगू, विचारत होता.

मग उठता उठता म्हणाला, "बहनजी, भैयाजी को दोष नहीं देंगे. बड़े जतन से भरे. तीन बार खंगारे, तब जाके भरे."

माझं पेन थांबलं.

तेलाची बाटली विसळायची नसते. बाकी कसलाही नमुना घ्या, बाटली त्याच पाण्याने विसळून घ्यायची. फक्त तेलाची नाही. तेल काचेला धरून बसतं. तीनदा विसळली की तीन बाटल्यांचं तेल काचेवर राहतं, पाणी तेवढं फेकलं जातं. मग मी टेस्टला काच धुवून घेते तेव्हा चारही बाटल्यांचं तेल एका बाटलीच्या नावावर चढतं. एकतीस येईल नाही तर काय!

एम.टेक. आहेत ना राजे. गोल्ड मेडल आहे ना.

खरं लिहिते. आधी इतकं बरं वाटलं की कानशिलं गरम झाली. लल्लनची आठवण त्यानंतर झाली. त्याला फक्त म्हणाले, "देखते हैं." तो नमस्कार करून गेला.

६ फेब्रु., शुक्र.

सकाळी ऑफिसच्या आधी स्वतः लल्लनकडे गेले. काचेची बाटली, न विसळता, एकदाच भरली. संध्याकाळपर्यंत आकडा आला. तेरा.

तेरा! माझं टाकं बरोबर आहे. मी बरोबर आहे.

चिठ्ठीवर तारीख टाकली, सही केली, ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. कोणाला बोलले नाही. आत्ता सांगितलं तर काय होईल? कौ. गोड हसून सॉरी ताई म्हणेल, साहेब म्हणतील बच्चा है, सीख जाएगा, आणि मसुदा त्याचा तो लिहीत राहील. त्यापेक्षा २४ला, सगळ्यांसमोर. मी अगदी मऊ आवाजात विचारणार, "कौस्तुभ, बाटली कशी भरलीस रे?"

त्याची संविदा, म्हणजे कंत्राटी नेमणूक, मार्चमध्ये संपते. नवी करायची की नाही ते साहेब ठरवणार. ते मी मुद्दाम बघायला गेले नव्हते, फाईल समोरच होती.

८ फेब्रु., रवि.

इथल्या मराठी मंडळींच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाची मीटिंग आपल्याच घरी. नऊ वर्षं सूत्रसंचालन मी करते. कोणी सुचवलं देव जाणे, यंदा कौस्तुभला करू द्या, त्याची भाषा किती छान आहे. सगळे हो हो. हेही हो. मी म्हटलं, हो, करू दे की. चहा ठेवायला आत गेले. मुक्ता मागून आली आणि म्हणाली, "मम्मी, दादा एंकरिंग करेंगे तो मैं भी एक कविता बोलूँगी." नऊ वर्षांत एकदा नाही बोलली.

चहात साखर घालायची राहिली. सगळ्यांनी तसाच प्यायला.

११ फेब्रु., बुध.

लल्लनचा फोन. त्याने धुण्याचं काम स्वतःच बंद ठेवलंय, नोटीस आल्यावर पाणी सोडायची भीती वाटते म्हणाला. दोन माणसं दुसरीकडे लागली. "आप कुछ कहिएगा न साहब से, बहनजी. आप ही तो बनवाई थीं."

कहेंगे, म्हणाले.

तेरा दिवसांचा प्रश्न आहे. तेरा दिवसांनी त्याची सुटका होणारच, आणि अशी होईल की परत कोणी बोट दाखवणार नाही. त्याच्याही भल्याचंच आहे.

किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे. दिवसातून दहा वेळा हात जातो.

१५ फेब्रु., रवि.

महाशिवरात्र. उपास. साबुदाणा चिकट झाला. गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. आत्मविश्वेश्वराला जाऊन आले. काय मागितलं ते इथेही लिहीत नाही.

१७ फेब्रु., मंगळ.

कौ.ने मसुदा आणून दिला. बारा पानं. हिंदी तपासून द्याल का ताई, तुमच्याशिवाय कोणावर भरवसा नाही. लाल पेन काढून बसले. पहिल्या पानावर अकरा चुका काढल्या, जिवाला थंडावा.

मग पुढे वाचत गेले आणि पेन बाजूला राहिलं.

सगळं माझंच आहे. आणि माझ्यापेक्षा चांगलं आहे. टाकी धुतलेलं पाणी सीवरमध्ये थेंबभरही नाही, ते वेगळ्या टँकरने न्यायचं. गाड्या रॉकेलने धुवायच्या नाहीत. तीन कप्पे, आणि पहिला दर आठवड्याला रिकामा. काढलेलं तेल झाकणाच्या ड्रममध्ये, परवाना असलेल्यालाच द्यायचं. पावसाचं पाणी वेगळ्या वाटेने, नाहीतर एका सरीत टाकं भरून तेल बाहेर. तपासणीचा खड्डा भिंतीच्या बाहेर, रस्त्याच्या अंगाला, म्हणजे मालकाला दार उघडा म्हणत उभं राहायला नको. हे मी वहीत चार पानं लिहिलं होतं, भांडणांसकट. त्याने दीड ओळीत बसवलंय. कोणत्याही लल्लनला वाचून कळेल.

मला असं लिहिता येत नाही. कधीच आलं नसतं.

नऊ पानं झाली. परिशिष्ट उद्या.

१८ फेब्रु., बुध.

परिशिष्ट. नमुना घेण्याची पद्धत. काचेची बाटली घ्यावी. त्याच पाण्याने तीनदा विसळून चौथ्यांदा भरावी.

खाली हिंदीत: ही पद्धत श्रीमती शैला पुराणिक यांच्या बावीस वर्षांच्या अनुभवावर आधारित आहे. त्याखाली त्याने चक्क बाबांचं वाक्य घातलंय, भांड्याला आधी पाण्याची ओळख करून द्यावी.

बारा पानांत नाव एकच आहे. माझं. आणि ते इथे.

घाटावर याच्यासाठी हसत होता तो.

मी त्याला तेलाच्या बाटलीचं असं कधीच सांगितलेलं नाही. बाकीच्यांचं सांगितलं, पहिल्या दिवशी, नाल्यावर. मग तेलाचं वेगळं, तेही सांगितलंच असणार. मी सगळ्यांना सांगते. प्रत्येक नव्या माणसाला हेच तर आधी

नियमावली अशीच निघाली तर सगळ्या शहरात बाटल्या विसळून भरतील. चांगलं टाकं बांधणाराही नापास. मग कोण बांधेल?

सांगितलं असणार मी.

१९ फेब्रु., गुरु.

रोजनिशीची मागची वही काढली. कपाटात साड्यांखाली होती. तो ज्या दिवशी जॉइन झाला तो दिवस शोधला. सापडला. जसंच्या तसं उतरवते:

"१२ नोव्हें. नवीन मुलगा आला, सांगलीचा. नाल्यावर नेला. बाबांसारखं तीनदा विसळून चौथ्यांदा दाखवलं, खूश झाला, वहीत लिहून घेतलं. नमुनेवाले दोघंही त्याच्याशीच बोलत होते. येताना साहेबांनी त्याला गाडीत पुढे बसवलं, मी मागे बाटल्या मांडीवर घेऊन. तेलाच्या काचेच्या बाटलीचं सांगितलं नाही. शिकेल ठेच लागून."

अक्षर माझंच आहे.

पहिल्याच दिवशी! अजून ना मसुदा होता, ना पाडवा, ना मुक्ता. गाडीतल्या एका सीटसाठी.

२० फेब्रु., शुक्र.

लल्लनचे दोन फोन आले. उचलले नाहीत.

२१ फेब्रु., शनि.

सांगितलं. अर्धं.

दुपारी लॅबमध्ये तो एकटाच होता. मी म्हटलं, "कौस्तुभ, तेलाची बाटली विसळायची नसते."

आधी त्याला कळलं नाही. मग कपाटातलं जाड पुस्तक काढलं, पान शोधलं, उभ्या उभ्या वाचलं. तोंड पांढरं पडलं. पहिला शब्द काय बोलला? "लल्लनचाचा." माझ्या डोक्यात गेल्या पंधरा दिवसांत लल्लन एकदाही पहिला आला नव्हता.

ड्रॉवर उघडून तेराची चिठ्ठी दिली. त्याने आकडा पाहिला. मग तारीख पाहिली. ६ फेब्रुवारी. वर माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता विचारेल. मी तयार होते, काहीतरी उत्तरही जुळवलं होतं. त्याने विचारलंच नाही. चिठ्ठी नीट घडी करून खिशात ठेवली.

म्हणाला, "परिशिष्टातलं तुमचं नाव काढून टाकतो ताई. तुम्ही सांगितलं असणार, माझ्याच ध्यानात राहिलं नाही. मंगळवारी मी सांगेन साहेबांना, चूक माझी आहे म्हणून."

मी काय म्हणाले? "बरं."

एवढंच. बरं.

२२ फेब्रु., रवि.

काल ऑफिस सुटल्यावर कौ. लल्लनकडे जाऊन आला. आज लल्लनचा फोन, उचलला. आवाज मोकळा झाला होता त्याचा. म्हणाला, भैयाजींनी स्वतः येऊन हात जोडले, सगळ्या माणसांसमोर सांगितलं माझ्याकडून चुकलं, तुमचं पाणी स्वच्छ आहे. "बहनजी, लड़का हीरा है. आप ही का सिखाया है न."

हो म्हटलं.

आता हे लिहिते आणि वही मिटते. माझ्या निळ्या वहीतलं सगळं त्याने नेलं. नवरा त्याच्याशी हसतो. पोर त्याच्याशी मराठी बोलते. पाडव्याचं सूत्रसंचालन गेलं. आणि आता माझी चूकसुद्धा माझ्याजवळ राहू दिली नाही, तीही स्वतःच्या नावावर घेऊन मोठा झाला. चुकला तरी लोक त्याला हिरा म्हणतात. मी तेरा आणला तर कोणी विचारलं का, बाई तू कशी आहेस? त्याचा मोठेपणा बघून मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. अजून येतोय. काय करू या पोटदुखीचं?

जेवणानंतर भांडी घासत होते. मुक्ता दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "आई, तुला बरं वाटत नाहीये का?"

मराठीत. मला.

आणि माझ्या तोंडून काय निघावं, "कुछ नहीं, तू जा."

२३ फेब्रु., सोम.

कौ.ने सुधारलेलं परिशिष्ट आणून दाखवलं. बाटली विसळू नये, एकदाच भरावी, काठापर्यंत भरू नये. खालची ओळ गेली. बाबांचं वाक्यही गेलं. त्या जागी काही घातलेलं नाही, पान अर्धं कोरंच आहे.

शिपाई सांगत होता, साहेब तापलेत. कौ.ने सकाळीच जाऊन सांगून टाकलं म्हणे. संविदेची फाईल परत मागवून टेबलावर ठेवलीय. जो बाटली भरू शकत नाही तो नियम काय लिहिणार, असं काहीसं म्हणाले. मसुदा दुसऱ्या कोणाला द्यावा का, असंही.

दुसरं कोण आहे? मीच आहे.

हेच हवं होतं ना मला. आठ तारखेला विचारलं असतं तर उड्या मारल्या असत्या. आज शिपायाने मला "बधाई हो मैडम" म्हटलं तेव्हा पायाखालची फरशी बघत राहिले.

ह्यांना सगळं सांगावं म्हणून त्यांच्याजवळ जाऊन बसले. हे म्हणाले, कौस्तुभचं ऐकलं, फार वाईट झालं, तू साहेबांना सांग ना काही, तुझं ऐकतात. मी उठून आले.

२४ फेब्रु., मंगळ.

केबिनबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. अकरा वाजून गेले. पाचजण होऊन गेले, त्यांचे आकडे चौथाई धरले तरी मर्यादेच्या वरच; दोघांची कनेक्शनं तोडायचं ठरलं, तिघांना टाकं बांधायला मुदत. आता लल्लन आणि कौ. आत आहेत.

मला बोलावलेलं नाही. लॅबवालीने आकडा द्यायचा, तो दिलेला आहे. घरी जायला मोकळी आहे मी.

लल्लन नुकताच धुतलेला शर्ट घालून आला होता. आत जाताना माझ्या पायांना हात लावायला वाकला, मी पाय ओढून घेतले. कौ. मागून आला. म्हणाला, "ताई, तुम्ही कशाला थांबलात, डबा खाऊन घ्या." डोळे सुजलेले होते त्याचे. सांगलीला आईला फोन केला असणार.

दार लोटलंय पण लागलेलं नाही. साहेबांचा आवाज चढलेला ऐकू येतोय. सव्वा वर्षात हेच शिकलास का, कोणी शिकवलं तुला हे, विचारतायत. परत विचारलं, कोणी शिकवलं. कौ. काही बोलत नाही.

मागची वही पिशवीत आहे. १२ नोव्हेंबरचं पान मुडपून आणलंय. सकाळी निघताना घेतली, का घेतली ते तेव्हा ठरलं नव्हतं. वाचून दाखवायला अर्धं मिनिट लागेल. त्यानंतर मसुदा माझ्याकडे येणार नाही, कधीच. आणि साहेब, लल्लन, गल्ली, मुक्ता, सगळ्यांना कळेल शैला पुराणिक कशी आहे ते.

नाही वाचलं तर कोणालाच कळणार नाही. कौ. मेला तरी सांगायचा नाही.

मी उभी राहिलेय. उभ्यानेच लिहितेय, अक्षर वाकडं येतंय.

शिपाई दाराला हात लावून विचारतोय, "आपको भी अंदर जाना है क्या, मैडम?"